मार्जारकिशोरन्याय

भक्तिमार्गाच्या अभ्यासात दोन पिल्लांचा एक दृष्टांत वारंवार भेटतो. माकडिणीचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगून राहते. आई फांदीवरून फांदीवर झेपावते तेव्हा न सुटण्याची जबाबदारी पिल्लाची असते. मांजरीचे पिल्लू मात्र काहीच करीत नाही. आई त्याला मानेपाशी दातांत धरते आणि न्यायचे तेथे नेते. पहिला मर्कटकिशोरन्याय, दुसरा मार्जारकिशोरन्याय. रामानुजांनंतरच्या श्रीवैष्णव परंपरेत वडकलै आणि तेन्कलै असे दोन संप्रदाय झाले. त्यांच्यातील मतभेद याच दोन पिल्लांच्या आधारे समजावून देण्याची रीत आहे. वेदान्तदेशिकांना मानणारे वडकलै म्हणतात, कृपा व्हायची तर जीवाने निदान बिलगायला तरी हवे. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारे तेन्कलै म्हणतात, जीवाने काही करायचे नसतेच, करणारा तो एकटा. मराठी संतांच्या शरणागतीविषयी वर्गात बोलताना हा दृष्टांत आयता हाताशी येतो, आणि विद्यार्थ्यांनाही तो आवडतो, कारण मांजर सर्वांच्या पाहण्यातले असते.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. हा न्याय आम्ही अनेक वर्षे फळ्यावर मांडला आहे. त्यातील जीव आणि ईश्वर यांच्याविषयी पुष्कळ बोलणे झाले. पिल्लाविषयी बोलण्याचा प्रसंग आला नव्हता, कारण आमच्या घरात मांजर कधीच नव्हते. तो प्रसंग ऑगस्ट २०२१ मध्ये नृसिंहवाडीत आला. त्यानंतर हा दृष्टांत आम्हांला पूर्वीसारखा शिकवता येईनासा झाला. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

*

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेल्या वाडीचे पाण्याशी नाते जुने आहे. येथील मंदिरात मूर्ती नाही, पादुका आहेत. पावसाळ्यात नदीचे पाणी मंदिरात शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नान करायला माणसे लांबून येतात. पाणी आणखी चढले की श्रींची उत्सवमूर्ती वर हलवली जाते. इथवर सारे ठरलेले असते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी मात्र नदी या ठरलेल्या मर्यादेत राहिली नाही. सोहळा संपला आणि स्थलांतर सुरू झाले. माणसे गेली, गाई-म्हशी ट्रॅक्टरमधून गेल्या, कुत्री त्यांच्या मागोमाग गेली. मांजरांना कोणी नेत नाही. मांजर माणसाचे नसते, घराचे असते, असे आपल्याकडे म्हणतात. घर पाण्यात गेल्यावर त्याने काय करायचे, हे त्या म्हणण्यात येत नाही.

वाडीच्या दैवतकथेतही मांजराला जागा नाही. दत्तमूर्तीच्या पायाशी चार श्वान असतात, ते चार वेद. मागे गाय उभी असते, ती पृथ्वी. वाडीत कुत्र्याला भाकरी घालणारी माणसे त्यामुळे पुष्कळ भेटतात. मांजराचा मान आहे तो पूर्वेकडे. बंगालात बाळांचे रक्षण करणारी षष्ठीदेवी मांजरावर बसते. आपल्याकडची सटवाई बाळाच्या कपाळी लेख लिहिते, पण येते पायीच. मांजराच्या वाट्याला मराठीत म्हणी आल्या, आणि एक धाक आला: मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते. मारण्याचे प्रायश्चित्त सांगितले आहे. जगवण्याचा विधी कोठे सांगितलेला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आत्यांना घेऊन जयसिंगपुराहून घरी परतलो. घाटाकडच्या उतारावरचे आमचे घर जुने आहे. भिंतीवर छातीभर उंचीला पाण्याची रेघ उमटली होती, जमिनीवर वीतभर गाळ होता आणि वीज आलेली नव्हती. महामारीमुळे राज्यातील मंदिरे भाविकांसाठी बंद होती. नित्यपूजा पुजारी करीत होते, पण यात्रेकरू नव्हते, पेढ्यांच्या दुकानांतील हाका नव्हत्या, एस. टी. स्थानकावर गर्दी नव्हती. वाडी इतकी शांत आम्ही कधी ऐकली नव्हती. माजघरातला गाळ ओढता ओढता क्षणभर थांबलो, तेव्हा वरच्या माळ्यावरून एक आवाज आला. दाराची बिजागरी कुरकुरावी तसा, आणि तितकाच बारीक.

माळ्यावर जुन्या गोधड्यांच्या गाठोड्यात दोन पिल्ले होती. एक केव्हाच गेले होते. दुसरे त्याला चिकटून पडले होते. पाणी चढत गेले तसे त्यांच्या आईने त्यांना एकेक करून वर आणले असणार. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात. हे बहुधा तिचे शेवटचे घर. ती पुन्हा दिसली नाही. मार्जारकिशोरन्यायात जे सांगितले आहे ते तिने पूर्ण केले होते. दृष्टांत जेथे थांबतो, तेथून पुढची गोष्ट आमच्याकडे आली.

*

गेलेले पिल्लू आम्ही परसात उंचवट्यावर पुरले. दुसरे टॉवेलमध्ये गुंडाळून जयसिंगपूरच्या एका पशुवैद्यांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दुधाचा नव्हता. ‘‘गार लागतंय का हाताला?’’ गारच होते. त्या वर्षी प्रत्येक घरात थर्मामीटर होता. आम्ही तो लावला. त्याने आकडा न दाखवता ‘लो’ एवढेच दाखवले. माणसाच्या तापासाठी केलेल्या यंत्राला इतके कमी तापमान मोजता येत नाही.

‘‘मग आता दूध पाजू नका,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘आधी ऊब. गार पिल्लाचं पोट चालत नाही. पाजलेलं तसंच पडून राहतं, नाहीतर फुप्फुसात जातं. तास-दोन तास हळूहळू ऊब द्या, मग मला पुन्हा फोन करा.’’

हे ऐकणे सोपे आणि पाळणे अवघड होते. मरणाच्या दारातला जीव समोर असताना त्याच्या तोंडात काहीतरी घालावे, ही आपली सर्वांत जुनी प्रेरणा आहे. शेजारून तोवर वाटीभर गाईचे दूध आलेही होते. आम्ही ते तसेच ठेवले. गॅसवर पाणी तापवले, दोन बाटल्या भरल्या, त्यांना धोतराच्या फडक्याचे वेढे दिले आणि बुट्टीत एका बाजूला ठेवल्या. दुसरी बाजू मोकळी, म्हणजे फार ऊन वाटले तर पिल्लाला सरकता यावे. हेही डॉक्टरांनीच सांगितले होते. मांजराची पिल्ले पहिले तीन-चार आठवडे स्वतःच्या अंगाची ऊब नीट राखू शकत नाहीत. ती आईची आणि एकमेकांची ऊब वापरतात. माळ्यावरचे पिल्लू आपल्या गेलेल्या भावंडाला का चिकटले होते, ते तेव्हा समजले.

दीड तासाने थर्मामीटरवर आकडा उमटला. मग हिरड्यांवर ग्लुकोजच्या पाण्याचे बोट फिरवले. मग सुईविना सिरिंजमधून, थेंबाथेंबाने, चार मिलिलिटर. पिल्लाला उताणे धरायचे नाही. ते आईला पिते तेव्हा पालथे असते, तसेच ठेवायचे, नाहीतर दूध श्वासनळीत जाते. दर दोन तासांनी इतकेच. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने पोटाखाली हळूच पुसायचे, कारण पिल्लाला अजून मलमूत्रही आपणहून नीट होत नाही. आई चाटते तेव्हा होते. डोळे चिकटलेले होते, ते कोमट पाण्याने सोडवायचे. अंगावर पिसवा इतक्या होत्या की पांढरे फडके ठिपक्यांनी भरून गेले. त्यांनी शोषलेल्या रक्तामुळे हिरड्या कागदासारख्या पांढुरक्या झाल्या होत्या. पिसवांची भुकटी वापरायची नाही. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या अनेक भुकट्यांत परमेथ्रिन असते आणि ते मांजराला मारते. आत्यांनी ट्रंकेतून उवांची फणी काढून दिली. साबणाच्या पाण्याची वाटी जवळ ठेवून एकेक पिसू काढली. एका शेजाऱ्यांनी तापाची गोळी चतकोर करून देण्याचा सल्ला दिला. ती माणसाच्या लेकराला चालते. मांजराच्या यकृताला पॅरासिटॅमॉलचा निचरा करता येत नाही, आणि एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. हे सारे आम्हांला पहिल्या दोन दिवसांत फोनवरून कळत गेले, आणि आम्ही वहीत लिहीत गेलो.

*

वजन हा पुढचा प्रश्न. मांजराचे पिल्लू जन्मते तेव्हा साधारण १०० ग्रॅमचे असते आणि दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढते. दात नुकते हिरडीतून वर येत होते, त्यावरून हे तीन आठवड्यांचे असावे. ते बरे आहे की नाही, हे डोळ्यांना दिसण्याआधी काट्याला दिसते, असे डॉक्टर म्हणाले. पण ग्रॅम दाखवणारा काटा कोठे मिळणार? तो वाडीत मिळाला, आणि वाडीतच मिळावा असाच मिळाला. कोपऱ्यावरच्या पेढेवाल्यांनी पुरापूर्वी आपला इलेक्ट्रॉनिक काटा वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला होता. कवठाची बर्फी आणि कंदी पेढे तोलणाऱ्या त्या काट्यावर स्वच्छ फडके अंथरून पिल्लू ठेवले. २१० ग्रॅम. ‘‘पाव किलोला चाळीस कमी,’’ पेढेवाले सवयीने म्हणाले, आणि मग गप्प झाले. पुढचे तीन आठवडे रोज सकाळी त्यांनी काटा आमच्या ओसरीवर आणून दिला. दुकान बंदच होते.

अन्नाचा प्रश्न मात्र काट्याने सुटणारा नव्हता. वाडी दुधाचे गाव आहे. बासुंदीसाठी प्रसिद्ध आहे. त्या गावात पिल्लाला गाईचे दूध द्यायचे नाही, हे कोणाला पटेना. पण मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या मानाने प्रथिने आणि स्निग्धांश पुष्कळ जास्त असतात. गाईच्या दुधाने पिल्लाचे पोट भरते पण अंग भरत नाही, आणि बहुधा जुलाब होतात. पिल्लांसाठीची दूधभुकटी कोल्हापुराहून यायला चार दिवस लागणार होते. तोवर शेळीचे दूध आणि त्यात अंड्याचा बलक, असे डॉक्टरांनी सांगितले.

आमच्या घरात अंडे कधी आले नव्हते. आत्या ऐंशीच्या घरात. त्यांचे सोवळे पुरातही सुटले नव्हते. जयसिंगपुरात त्या स्वतःच्या तांब्यातले पाणी पीत होत्या. श्रावण चार दिवसांवर आला होता. आम्ही त्यांच्यासमोर बसलो आणि डॉक्टरांचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले. त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग विचारले, ‘‘हे मांजर मोठं झाल्यावर काय खाईल?’’

‘‘मांस, आत्या. त्याला पर्याय नाही. मांजराला लागणारं एक द्रव्य मांसातूनच मिळतं. ते नसलं तर डोळे जातात, हृदय बिघडतं.’’ टॉरीनविषयी आम्ही आदल्या रात्री वाचले होते. त्याच्या अभावाने मांजरांच्या डोळ्यांचा पडदा झिजतो हे १९७५ मध्ये दाखवले गेले, आणि हृदय दुबळे होते हे १९८७ मध्ये.

‘‘म्हणजे देवानंच तसं केलंय,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘मग माझं सोवळं त्याला कशाला? पडवीत करा. वाटी-चमचा निराळा ठेवा. आणि मला अंड्याचं टरफल दाखवू नका.’’

या तीन वाक्यांत जितके शास्त्र आणि जितकी माया होती तितकी आम्हांला अनेक ग्रंथांत एकत्र सापडलेली नाही. नियम मोडला नव्हता. त्याची हद्द आखली होती. पडवीच्या उंबऱ्यापर्यंत आत्यांचा धर्म आणि उंबऱ्यापलीकडे मांजराचा. दोन्ही धर्म पुढे त्या घरात नांदले.

पिल्लाला नाव मात्र आत्यांनी ठेवू दिले नाही. ‘‘बारावा दिवस उजाडू दे. मग बारसं.’’ पूर्वी लेकरे फार जात, तेव्हाचा तो शहाणपणा होता. नाव नसलेल्याचे दुःख थोडे कमी होते, असा त्यामागचा हिशेब असावा. तो चुकीचा असतो, हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांची दोन भावंडे बारशाआधी गेली होती.

*

येथे एका शब्दाविषयी बोलायला हवे. रोग्याची सेवा या अर्थी आपण ‘शुश्रूषा’ म्हणतो. हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून झाला आहे आणि त्याला इच्छेचा अर्थ देणारा सन् प्रत्यय लागला आहे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य त्याची सेवा करतो, म्हणून सेवा. आणि सेवेतून पुढे रुग्णसेवा. अर्थाचा हा प्रवास व्युत्पत्तीच्या तासाला सांगून मोकळे होता येते. आम्हांला तो पडवीत, रात्री दोन वाजता, नव्याने कळला. चिकित्सा आणि मीमांसा हे आपल्या, म्हणजे समीक्षेच्या व्यवसायातले शब्दही याच प्रत्ययाने घडलेले आहेत. तिघांपैकी आपण दोनच आपल्याकडे घेतले.

आजारी पिल्लाच्या बाबतीत ऐकण्यावाचून दुसरे काही करताच येत नाही. ते बोलत नाही. आणि मांजराची जात दुखणे लपवणारी. पण चार-पाच दिवसांत आवाज निरनिराळे ओळखू येऊ लागले. भुकेचा आवाज वर चढत जातो आणि दोन हाकांच्या मध्ये थांबतो, जणू उत्तराची वाट पाहतो. गारठ्याचा आवाज सलग असतो, सुताच्या धाग्यासारखा. पोटात कळ आली की हाक मध्येच तुटते. छातीशी धरल्यावर घरघर सुरू होते. ती समाधानाचीच असते असे नाही, दुखत असतानाही मांजर घरघरते. आणि सर्वांत वाईट म्हणजे काहीच न ऐकू येणे. वहीत आम्ही वजन, तापमान, दुधाचे माप यांच्या शेजारी एक चौथा रकाना आखला आणि त्यात आवाज लिहू लागलो. २१० चे २०६ झाले, मग २११, मग जंताचे औषध दिले त्या दिवशी पुन्हा २०८, मग २१९.

सहाव्या रात्री चौथा रकाना रिकामा राहिला. नाक पूर्ण चोंदले होते, श्वास तोंडाने चालला होता. मांजरांचा सर्दी-पडशाचा जो साथीचा आजार असतो, त्याने पिल्ले दगावतात ती बहुधा अशी: मांजर वासावर जेवते, आणि नाक बंद झाले की त्याच्या लेखी अन्न नाहीसेच होते. सिरिंज ओठांना लावली तर दूध बाहेर ओघळले. जबरीने घालायचे नाही, असे बजावलेले होते. डॉक्टरांनी सकाळीच प्रतिजैविक सुरू केले होते; रात्री फोनवर त्यांनी सलाइनचे थेंब, गरम पाण्याची वाफ आणि ऊब एवढेच सांगितले. ‘‘सकाळपर्यंत भूक लागली तर वाचेल,’’ ते म्हणाले. ‘‘औषधानं जे व्हायचं ते होईल. तुम्ही बघत राहा.’’

आत्या उठून पडवीत आल्या. त्या पडवीत येत नसत. भिंतीला टेकून बसल्या आणि शिरोळच्या बाईची गोष्ट सांगू लागल्या. गुरुचरित्राची पोथी स्त्रियांनी वाचू नये, असा आमच्या घरचा कुळाचार. तेव्हा आत्यांनी ती कधी वाचलेली नाही. वडील सप्ताह करीत, त्या दाराशी बसून ऐकत. सगळी कथा त्यांच्याकडे कानांवाटे आलेली आहे. विसाव्या आणि एकविसाव्या अध्यायातली ही कथा इथलीच, वाडीच्या औदुंबरातळीची. शिरोळच्या एका स्त्रीची मुले जगत नसत. गुरूंच्या सांगण्यावरून तिने येथे येऊन औदुंबराची सेवा केली, तिला मुलगे झाले, आणि त्यांतला थोरला पुढे धनुर्वाताने गेला. ती प्रेत उचलू देईना. तेव्हा एक ब्रह्मचारी आला आणि त्याने तिला देहाच्या नश्वरतेचे ज्ञान सांगितले.

वर्गात आम्ही हे अध्याय शिकवतो तेव्हा भर त्या ज्ञानावर असतो. वेदान्त तेथे आहे, टीपा तेथे द्याव्या लागतात. आत्यांनी तो भाग एका वाक्यात संपवला. ‘‘त्यानं सगळं खरं सांगितलं. पण तिनं ऐकलं नाही. ती म्हणाली, मला शब्द दिला होता, त्याचं काय?’’ मग ती मुलाला घेऊन औदुंबराशी आली, पादुकांवर डोके आपटत राहिली. रात्री मुलगा उठला. ‘‘आणि उठल्यावर पहिलं काय म्हणाला, ठाऊक आहे? भूक लागली म्हणाला.’’

हा तपशील आम्ही अनेकदा वाचला होता. पुनर्जन्म झालेले मूल देवाचे नाव घेत नाही, आईला दिलासा देत नाही. त्याला भूक लागते. पोथी रचणाऱ्या सरस्वती गंगाधरांनी कोणत्या तरी घरात, कोणत्या तरी उशाशी ही भूक पाहिली असेल काय, असे त्या रात्री मनात आले. आम्ही चमत्काराच्या बाजूचे नाही, आणि आत्यांनीही पिल्लासाठी नवस बोलला नाही. गोष्ट संपल्यावर त्यांनी कढत पाण्याचे पातेले बुट्टीजवळ सरकवले आणि वाफ दाटावी म्हणून वरून पदर धरला.

पहाटे साडेचारच्या सुमारास टॉवेल हलला. आवाज आला तो हाक म्हणण्याजोगा नव्हता, पण दोन वेळा आला, आणि मध्ये थांबला. कोमट केलेल्या दुधाचे बोट नाकापाशी नेले. डोके वर उचलले गेले, डावीकडे वळले, उजवीकडे वळले आणि बोटावर आदळले. सिरिंज धरली तर पुढचे दोन्ही पाय तिच्यावर टेकून पिल्लू ओढू लागले. तीन मिलिलिटर. चौथ्या रकान्यात आम्ही ‘भूक’ असे लिहिले. आत्या केव्हाच आंघोळीला गेल्या होत्या.

*

मराठी वाङ्मयात प्राण्यांवरील दयेच्या गोष्टी थोड्या नाहीत. चक्रधरांच्या आश्रयाला आलेला ससा आहे, एकनाथांनी काशीच्या कावडीतले पाणी पाजलेले गाढव आहे, नामदेवांनी ज्याच्यामागे तूप घेऊन धाव घेतली तो कुत्रा आहे. पुढच्या काळात पु. ल. देशपांडे यांच्या ‘पाळीव प्राणी’सारख्या लेखनाने या विषयाला विनोदाचे अंग दिले. संतचरित्रांतील या कथांकडे पाहताना आता एक गोष्ट आमच्या ध्यानात येते. त्या सर्व एका क्षणाच्या कथा आहेत. ससा सुटतो, गाढव पाणी पिते, आणि कथा संपते. सशाचा पाय मोडला असता तर महिनाभर काय झाले असते, हे लीळाचरित्र सांगत नाही. आपल्या भाषेत वाचवणे आणि जगवणे हे दोन वेगळे शब्द आहेत, पण कथा बहुतेक पहिल्याच शब्दाच्या आहेत. दुसऱ्या शब्दात दर दोन तासांनी तेच करावे लागते. त्याला कथानक नसते. म्हणूनच तो स्त्रियांकडे राहिला आणि लेखनात थोडा आला, असे म्हणता येईल. शिरोळच्या बाईची कथा वेगळी वाटते ती यासाठी की तिच्यात एक रात्र पूर्ण जागली जाते.

आता पुन्हा त्या न्यायाकडे. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, असे दृष्टांत सांगतो. आम्ही पाहिलेले पिल्लू २१० ग्रॅमचे होते, आणि त्या वजनात जेवढे करता येते तेवढे सारे करीत होते. ते हाक मारीत होते, ऊब शोधून सरकत होते, नाकाने दूध हुडकत होते. आई मानेला धरते तेव्हा पिल्लू पाय पोटाशी घेऊन सैल पडते. त्यालाच आपण निष्क्रियता म्हटले. जपानमधील संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांच्या पिल्लांवर आणि माणसाच्या तान्ह्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आई उचलून चालू लागली की दोन्ही जातींची बाळे शांत होतात, त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. आणि उंदराच्या पिल्लाचे हे सैल पडणे औषधाने रोखले, तर आईला त्याला सुखरूप जागी नेण्यास जास्त वेळ लागतो. सैल पडणे हे पिल्लाचे कामच होते. उचलणे आणि उचलू देणे यांत दोघांचाही वाटा असतो.

तेव्हा वडकलै आणि तेन्कलै यांच्या वादात आम्ही कोणाच्या बाजूचे, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर असे की, दोघांच्याही दृष्टांतांत पिल्लू आहे पण पिल्लाचा आवाज नाही. बिलगणे आणि उचलले जाणे यांच्या आधी हाक असते. ती मारणे एवढेच जीवाच्या हाती असेल, पण ते ‘काहीच नाही’ नव्हे. आणि कृपा म्हणून जे काही असेल त्याची सुरुवात ती हाक ऐकू येण्यापासून होत असणार. जिला आपण शुश्रूषा म्हणतो तिचीही तेथूनच होते. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, मॅडम, आणि हाक ऐकूच आली नाही तर?’’ आम्ही तिला माळ्यावरच्या दुसऱ्या पिल्लाविषयी सांगितले. त्याने किती वेळ हाका मारल्या असतील, आणि खाली फक्त पाणी असेल. दृष्टांत शिकवताना आता आम्ही तेही सांगतो.

*

बाराव्या दिवशी वजन २८८ ग्रॅम भरले. आत्यांनी बुट्टीच्या कडेला हळदीकुंकू लावले आणि नाव आम्ही ठेवावे असे सुचवले. ‘किशोरी’ हे नाव कोठून आले, ते या लेखाच्या वाचकांना सांगायला नको. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, राज्यातील मंदिरे भाविकांसाठी उघडली. वाडीत पुन्हा हाका सुरू झाल्या, आणि पेढेवाल्यांचा काटा दुकानात परत गेला. तोवर किशोरीला पहिली लस टोचून झाली होती आणि तिने पडवीचा उंबरा किती वेळा ओलांडला याची मोजदाद आत्यांनी सोडून दिली होती.

जुलै २०२४ मध्ये नद्या पुन्हा चढल्या तेव्हा किशोरीची बुट्टी सामानात सर्वांत वर होती. पाणी ओसरल्यावर गल्लीतली माणसे फावडी आणि खराटे घेऊन बंद घरे उघडू लागली. आत्या काठी टेकत प्रत्येक घराच्या दाराशी आल्या. ‘‘थांबा रे जरा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मोटर बंद करा.’’ तरुण मुलांनी पंप बंद केला, खराटे खाली ठेवले. दोन-तीन मिनिटे सगळे माळ्याकडे कान देऊन उभे राहिले. मग पुढच्या घरी.